खेळातली माणसं पुन्हा उठतात

मित्रांनो, वाशीतल्या जुन्या मोबाईलच्या एका दुकानात, काचेच्या कपाटात मी पडून आहे. मी एक टॅब. जुना झालो तरी अजून चालतो, आणि तेच माझं दुःख आहे. मला कोणी विकत नेण्याआधी माझी हकिगत ऐका.

टाळेबंदीत शाळा घरात आली, तेव्हा उरणजवळच्या एका गावात दिपेशने मला धाकट्या बहिणीसाठी, मनालीसाठी आणलं. ती दहावीत होती. ओढणीच्या टोकाने ती माझी काच पुसायची. त्यांच्या आईला, गोजराआजीला, वाचता येत नव्हतं. पण दसऱ्याला तिने पाटीवरच्या सरस्वतीशेजारी मला ठेवलं आणि माझ्यावर झेंडूचं फूल वाहिलं. मनाली पास झाल्यावर ती आल्यागेल्याला सांगायची, "या डब्यानं शिकवलं माझ्या पोरीला." इतका मान मला पुन्हा कधी मिळाला नाही.

मनाली नर्सिंग शिकायला पुण्याला गेली आणि मी कपाटावर धूळ खात राहिलो. पुढे एका सुट्टीच्या दिवशी दिपेशने मला खाली काढलं. तो कंटेनर यार्डात कामाला होता. स्वतःच्या विरंगुळ्यासाठी त्याने माझ्यात बंदुकीचा एक खेळ टाकला. हा खेळ लहान मुलांसाठी नाही, असं सुरुवातीलाच पडद्यावर यायचं. ती ओळ त्या घरात कोणी वाचली नाही.

दिपेशची मुलगी भाविका सहा वर्षांची, मुलगा कान्हा तीन वर्षांचा. त्यांची आई स्नेहल यार्डातल्या कामगारांना डबे पुरवायची. भाकऱ्या थापताना मुलं पायात येऊ नयेत म्हणून तिने मला भाविकाच्या हातात दिलं. बापाचं बघून बघून भाविका तो खेळ शिकली होती. तिची बोटं इतकी लहान होती, की गोळी झाडायला तिला अंगठा ताणावा लागायचा.

आधी ती घाबरायची. मग घाबरेनाशी झाली, आणि तेव्हा मी घाबरलो. ती झोपेत दचकायची, अंथरूण ओलं करायची, बाहुलीच्या कपाळावर बोट रोखून "हेडशॉट!" म्हणायची.

आजी एकदा म्हणाली, "दिवसभर मानसं मारते ही पोर. बंद कर त्यो डबा."

"आई, ते खोटं असतं हो," स्नेहल म्हणाली. "भाकऱ्या होईपर्यंत गप बसते तरी."

"खोटं हाय ते तुला ठाव. तिला कोनी सांगितलंय?"

स्नेहलने तव्यावरची भाकरी उलटली.

मित्रांनो, मी काय करणार होतो? मी तापायचो, बॅटरी संपवून विझायचो. भाविका चार्जर लावायची आणि मी पुन्हा उजळायचो.

त्या दुपारी आजी बाजारात गेली होती. भाविका खेळत असताना कान्हाने मला ओढलं. खेळातला तिचा माणूस मेला. कोपऱ्यात दिपेशची लाकडी बॅट होती. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि कान्हाच्या डोक्यात घातली.

तो रडलासुद्धा नाही. आडवा झाला.

भाविका शेजारी बसली आणि वाट बघू लागली. खेळात मेलेली माणसं थोड्या वेळाने उठतात ना, तसा तोही उठेल म्हणून.

"कान्हा, ऊठ ना. तुझी अजून लाईफ हाय."

मला ओरडायचं होतं. स्नेहल पाच पावलांवर होती! पण माझ्यातून फक्त त्या खेळाचं संगीत वाजत राहिलं. शेवटी भाविकाच्या हाताला रक्त लागलं, आणि ती किंचाळली.

कान्हा वाचला. दोन दिवस तो शुद्धीवर नव्हता. डोक्याला नऊ टाके पडले आणि डाव्या कानाने त्याला आता नीट ऐकू येत नाही. बहीण जवळ आली की तो आईच्या पदरात शिरायचा. भाविका सगळ्यांना एकच विचारायची, "मी त्याला खरंखुरं मारलं?"

दिपेशने मला जमिनीवर आपटायला उचललं. आजीने त्याचा हात धरला. "त्याला फोडून काय व्हनार? तो खेळ त्यात कोनी घातला?"

दिपेश तिथेच खाली बसला आणि तोंड झाकून रडला. मला हातात धरणंही त्याला नकोसं झालं. आतलं काहीही न पुसता त्याने मला या दुकानात देऊन टाकलं.

मित्रांनो, मला फोडू नका, टाकूही नका. फक्त लहानग्यांच्या हाती देण्याआधी माझ्या आत काय आहे ते एकदा बघा. ते खेळत असतील तेव्हा शेजारी बसा. खरं काय, खोटं काय, ते त्यांना कोणी सांगायचं? मला सांगता येत नाही हो!

आत्ता समोर एक बाई उभी आहे. तिच्या कडेवर चारेक वर्षांची मुलगी आहे. दुकानदार म्हणतोय, "घ्या ताई, गेम आधीच भरलेत. पोरगी जागची हलणार नाही."

"बरं होईल बाई," ती म्हणाली, आणि तिने मला मुलीच्या हातात दिलं.

कोणीतरी त्यांना थांबवा. त्या इवल्या बोटाने बटण दाबलंय, आणि मी उजळतो आहे.