टोपरं घातलेले पितरजी

चेलनाला लहानपणापासून एक खोड होती. "असं का?" विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. लग्न होऊन ती दोंडाईच्याला जवरीलाल मिरचीवाल्यांची सून झाली, तरी ती खोड काही गेली नाही. बरंच झालं म्हणायचं!

तिचा चार वर्षांचा अर्हम दोन वर्षांत तिसऱ्यांदा न्यूमोनियाने आडवा झाला, तेव्हा घरात जो तो शहाणा झाला होता. कोणी म्हणे दही बंद करा, कोणी म्हणे नजर काढा. गोदामातल्या चिंधाने तर निकालच देऊन टाकला, "बठ्ठा दोष मिरचीना शे." त्यावर मिरची निवडणारी मंदाबाई फणकारली, "मना पोरे तं याच मिरचीम्हा लोळीसन मोठा हुयनात. त्यासले काबर काही हुयनं नही?"

झालं! हा प्रश्न चेलनाच्या डोक्यात जो घुसला तो घुसलाच. खरंच, मंदाबाईच्या पोरांना का नाही?

धुळ्याला डॉ. मृणाली बिऱ्हाडेंनी अर्हमची छाती तपासली, तर फुप्फुसात बुरशी निघाली.

"ही बुरशी सगळीकडे असते," त्या म्हणाल्या. "मिरचीत, सरकीत, कुजक्या पाल्यात. तुम्ही-मी रोज श्वासातून आत घेतो."

"मग आपल्या छातीत ती का रुजत नाही?"

डॉक्टरीणबाई मान वर करून तिच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हाच प्रश्न मलाही पडलाय." आणि त्यांनी अर्हमचं रक्त तपासणीसाठी मुंबईला पाठवलं.

रिपोर्ट आला तोवर औषधांनी पोराचा ताप उतरला होता आणि तो खाटेवर बसून गाठी-शेवेसाठी हट्ट करत होता. सासरे जवरीलाल आणि चेलना डॉक्टरांसमोर बसले.

"याच्या पांढऱ्या पेशी बुरशीला गिळतात," डॉ. मृणालींनी सांगितलं, "पण तिला मारायचं हत्यारच त्यांच्यात तयार होत नाही. जन्मतःच. आता औषधं रोज घ्यायची आणि गोदामात पाऊल टाकायचं नाही. नीट जपलं तर शाळेत जाईल, खेळेलही."

चेलनाला रडू फुटलं. डोळे पुसता पुसता तिने विचारलंच, "पण हे आलं कुठून?"

"आमच्याकडून नाही हं!" जवरीलाल ताठ बसले. "राजस्थानातून आमचा भाट येतो, त्याच्या वहीत आमच्या अकरा पिढ्या लिहिलेल्या आहेत."

"शेठजी, वहीत मुलींची नावं असतात?"

"मुलींची कशाला? त्या जातात दुसऱ्या घरी."

"मग ती वही इथे कामाची नाही. हा दोष आईकडून मुलाला येतो." डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला आणि त्याखाली एक काळा चौकोन. "गोल म्हणजे बाई, काळा चौकोन म्हणजे दोष असलेला मुलगा. बाईला स्वतःला सहसा मोठा त्रास होत नाही, पण तिच्या प्रत्येक मुलाला निम्मा धोका. चेलनाताई, माहेरी कोणी लहान मुलगा गेलाय का? भाऊ? मामा?"

"नाही," चेलना म्हणाली. "आम्ही दोघी बहिणीच. मामा एकच, रावेरला, ठणठणीत आहे."

"मग तुमच्यापासूनच सुरुवात झाली असेल, तसंही होतं. पण आईचं आणि बहिणीचं रक्त तपासलेलं बरं."

"माझ्या बहिणीला, विधीला, सातवा महिना चालू आहे. अमळनेरला माहेरी आलीये, बाळंतपणाला."

"मग तर नक्कीच. मुलगा झाला आणि त्याच्यात हा दोष असला, तर जन्मल्याबरोबर देतात ती बीसीजीची लससुद्धा त्याला बाधू शकते. तपासणी होईपर्यंत ती थांबवावी लागते."

अर्हमला घरी सोडून चेलना दुसऱ्याच आठवड्यात अमळनेरला गेली. पण मम्मी कुठली ऐकतेय! "आमच्यात कोणी गेलंच नाही, तर पोटुशीला सुया कशाला टोचायच्या? तो दोष तुझ्या सासरचा. ते लोक उगाच तुझ्यावर ढकलताहेत," ती तावातावाने म्हणाली. "चल, आज अमावस्या आहे. पितरजींना शेंदूर लाव."

देवघरात चांदीचा टाक होता, हाताच्या पंजाएवढा. त्याला पितरजी म्हणायचं, खीर दाखवायची, डोकं टेकवायचं. चेलनाने दहावीचे मार्क याच पितरजींकडे मागितले होते आणि नवरासुद्धा. आज टाक उचलताना शेंदराचा जुना पोपडा तिच्या नखाला लागून निघाला. खाली चांदी चमकली. चेलना टाक खिडकीपाशी घेऊन गेली.

"मम्मी, पितरजींच्या डोक्यावर पगडी नाहीये. टोपरं आहे."

मम्मीने खिरीची वाटी पुढे सरकवली.

"पितरजी म्हातारे होते ना? मग टोपरं का?"

"म्हातारा कोण म्हणालं तुला?" मम्मी हळूच म्हणाली. "लहानपणी गेलेला मुलगा पितर होतो. माझा पहिला होता तो. अडीच वर्षांचा."

चेलनाने टाक पुन्हा उजेडात धरला. आयुष्यभर जिच्यापुढे डोकं टेकलं ती मूर्ती तिच्या भावाची होती, अर्हमपेक्षाही लहान!

"अगं, मग कोणी गेलं नाही असं कसं म्हणालीस? डॉक्टरांना मीही तेच सांगून आले!"

"तो देव झाला. देवाला मेला म्हणतात का?"

आईवर चिडावं की तिला जवळ घ्यावं, चेलनाला कळेना. "कशाने गेला?"

"खोकल्याने. आपल्या गोदामातल्या सरकीच्या ढिगावर खेळायचा. तुझे पप्पा मरेपर्यंत त्या सरकीला शिव्या घालत होते."

"आणि रावेरला? मामाच्या देवघरात टाक किती आहेत?"

"दोन. माझे धाकटे भाऊ. केळीच्या कुजक्या पाल्यात लोळले म्हणून गेले, असं वडील म्हणायचे. त्यांनी बागच विकून टाकली."

तीन घरं, आणि प्रत्येकाने आपापल्या मालाला दोषी धरलं होतं. इकडचे टाक कोणी तिकडच्या टाकांत मिळवून बघितलेच नव्हते. चेलनाने पर्समधून डॉक्टरांचा कागद काढला.

"थांब," मम्मीने तिचा हात धरला. "विधीला यातलं काही सांगू नकोस. पोटुशी बाई, धसका घेईल."

"मम्मी, तिला मुलगा झाला तर?"

"काय सांगू नको?" विधी दारात उभी होती, एक हात कमरेवर, एक पोटावर. "जीजी, काय झालं?"

हे सांगायचा हक्क चेलनाचा नव्हता. तिने टाक मम्मीपुढे धरला.

मम्मीने तिच्या हातातला टाक घेतला. पदर तेलात बुडवून ती पुसू लागली. बत्तीस वर्षांचा शेंदूर निघायला वेळ लागला. आधी टोपरं दिसलं, मग गोबरे गाल. तिने तो टाक विधीच्या हातात ठेवला.

"हा रोनक. तुझा भाऊ," ती म्हणाली. ते नाव या घरात दोघी मुलींनी पहिल्यांदाच ऐकलं. "खोकून खोकून गेला गं माझा. उद्या आपण तिघी धुळ्याला जाऊन रक्त देऊ."

विधीने टाक पोटाशी धरला. "इतका लहान होता?" एवढंच ती म्हणाली.

चेलनाने कागदावर आपल्या गोलाच्या वर मम्मीचा गोल काढला, त्याखाली आणखी एक चौकोन काढून तो काळा केला आणि पेन टेकवून थांबली. काय लिहायचं ते तिला सुचेना.

"पितर नको लिहूस," मम्मी म्हणाली. "मुलगा लिही."