दुहेरीचा तिबी

लुगोज गावात टेनिसचं कोर्ट एकच, आणि साफ्ताबाईंकडे शिकायला येणारी मुलं चौदा. बाईंनी पहिल्याच दिवशी निकाल लावून टाकला. "एकेरी खेळायला प्रत्येकाला अख्खं कोर्ट कुठून आणू मी? चौघं आत या, बाकीचे भिंतीशी खेळा." तिबेरियू बुग्नारू, म्हणजे आपला तिबी, दुहेरी शिकला तो असा. हौसेपेक्षा जागेच्या टंचाईनं.

पुढे मोठा झाल्यावर त्यानं एकेरीही करून पाहिली. तीन वर्षं तो गावोगावच्या स्पर्धांमध्ये पहिल्या फेरीत हरत राहिला. त्याच्या सर्व्हिसला कुणी भीत नसे, आणि लांबच्या फटक्यांत दम नसे. पण नेटजवळ उभा राहिला की हा माणूस वेगळाच व्हायचा. समोरच्यानं चेंडू मारायच्या आत तो कुठे जाणार हे त्याच्या हातांना कळलेलं असायचं. बाविसाव्या वर्षी त्यानं एकेरीला रामराम ठोकला आणि बालपणीच्या दोस्ताला, लेवेंते साबोला, सोबत घेऊन तो दुहेरीच्या पाठी लागला.

त्याला पंधरा वर्षं झाली. या काळात तिबीनं अकरा विजेतेपदं मिळवली, पॅरिसला एकदा उपांत्य फेरी गाठली, देशाकडून खेळला. तरी औषधांच्या दुकानातल्या कोर्नेलियाबाई त्याला दर नाताळात विचारायच्याच, "ते सगळं ठीक आहे रे बाळा, पण एकट्यानं कधी खेळणार?"

"बाई, एकट्याला भीती वाटते," असं म्हणून तो हसायचा आणि खोकल्याच्या गोळ्या घेऊन बाहेर पडायचा.

लेवेंते मात्र या पंधरांपैकी पहिली सहाच वर्षं त्याच्याबरोबर होता. सहाव्या वर्षाच्या अखेरीस तिबीला एका उंचपुऱ्या, तोफेसारखी सर्व्हिस करणाऱ्या परदेशी खेळाडूनं विचारलं. अशी संधी दुहेरीवाल्याला आयुष्यात एकदा येते. तिबीनं विमानतळावरून लेवेंतेला मेसेज केला: 'लेवी, पुढच्या मोसमापासून मी दुसऱ्याबरोबर खेळतोय. माफ कर. फोन करतो.' फोन त्यानं केलाच नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून, मग आता काय बोलायचं म्हणून. लेवेंतेनं खेळ सोडला आणि तो गावाबाहेरच्या टेकडीवर मधमाश्या पाळायला लागला. नऊ वर्षं दोघं एकमेकांना चुकवत राहिले. लुगोजसारख्या गावात हे सोपं नाही. त्यासाठी भाजीबाजाराच्या वेळासुद्धा पाठ कराव्या लागतात.

तिबी सदतिसाव्या वर्षात होता तेव्हाची ही गोष्ट. मे महिन्यात तिमिशोआराला मोठी स्पर्धा होती, घरापासून तासाभराच्या अंतरावर. घरच्या मातीवर कदाचित शेवटचंच खेळणं. आणि चार दिवस आधी त्याचा जोडीदार, अर्जेंटिनाचा फाब्रिसिओ, इटलीत पाय मुरगळून बसला. आयोजक भले होते. म्हणाले, "तू कुणालाही आण, क्रमवारी बघणार नाही, खास प्रवेश देतो. फक्त शनिवारी दुपारी बाराच्या आत नाव दे."

तिबीनं ओळखीच्या प्रत्येकाला फोन लावला. पण ऐन मोसमात मोकळा जोडीदार मिळणं म्हणजे लग्नसराईत मोकळा बँड मिळण्यासारखं. शेवटी शुक्रवारी तो साफ्ताबाईंकडे गेला. बाई ऐंशीच्या झाल्या होत्या. अंगणात बसून त्या एल्डरच्या फुलांचं सरबत गाळत होत्या.

"लेवेंते आहे की," बाई मान वर न करता म्हणाल्या.

"बाई, नऊ वर्षं झाली त्याला सोडून."

"खेळ सोडून? अरे, दर गुरुवारी तो गुरांच्या डॉक्टरबरोबर खेळतो. डॉक्टर रडकुंडीला येतो."

"तो माझ्याशी बोलणार नाही."

"मग तू बोल. तोंड आहे ना?" बाईंनी त्याच्या हातात एक बाटली दिली. "ही त्याला दे. आणि रिकाम्या हातानं परत येऊ नकोस, मी काही तुला दुसरा जोडीदार विणून देणार नाही."

शनिवारी सकाळी सहाला तिबी टेकडीवर पोचला. सालकमची झाडं पांढऱ्या फुलांच्या घोसांनी लगडली होती आणि सगळी टेकडी गुणगुणत होती. जाळीची टोपी घातलेला लेवेंते पेट्यांमध्ये वाकून उभा होता. त्यानं तिबीला पाहिलं आणि पुन्हा पेटीत डोकं घातलं.

"लेवी," तिबी म्हणाला.

"हळू बोल. यांना आवाज आवडत नाही."

"मला तुझ्याशी..."

"ती चौकट धर. दोन्ही हातांनी. हलवू नकोस."

तिबीनं मधानं जड झालेली चौकट धरली. माश्या त्याच्या बाहीवर चढू लागल्या. अंग चोरून तो उभा राहिला आणि नऊ वर्षं मनात घोळवलेलं सगळं भाषण त्याच्या डोक्यातून उडून गेलं.

"मी फोन करायला हवा होता," एवढंच तो म्हणाला. "नव्हे, फोनही नाही. समोर येऊन सांगायला हवं होतं. मी भित्रेपणा केला लेवी. मला माफ कर."

लेवेंतेनं टोपीची जाळी वर केली. दाढीत पांढरे केस आले होते. "दोन वर्षं मी तुझा प्रत्येक सामना बघायचो," तो म्हणाला, "आणि तू हरावास म्हणून जोरजोरात ओरडायचो. बायको म्हणायची, शेजारी घाबरतात."

"आणि मग?"

"मग एकदा तू पॅरिसला उपांत्य फेरीत हरलास. आणि मला रडू आलं. मी म्हटलं, हा काय बावळटपणा! म्हणून टीव्हीच विकला."

तिबी हसला, आणि नेमक्या त्याच क्षणी एका माशीनं त्याच्या कानाला डंख केला. तो कळवळला, पण चौकट त्यानं सोडली नाही. लेवेंते पोट धरून हसत सुटला.

"बरं, आता काम सांग," डोळे पुसत तो म्हणाला. "बाईंचं सरबत घेऊन आलायस म्हणजे काहीतरी हवंय."

तिबीनं सांगितलं. लेवेंतेनं झाडांकडे पाहिलं. "सालकमचा बहर दहा दिवस टिकतो. वर्षाचा निम्मा मध यातूनच येतो. हे सोडून मी चेंडू मारत फिरू?"

"सामने दुपारी असतात."

लेवेंतेनं तिबीच्या हातातली चौकट घेऊन पेटीत सरकवली. मग म्हणाला, "सकाळी साडेपाच ते नऊ तू माझ्या पेट्यांवर. त्यानंतर मी तुझा. आणि डावीकडचं अर्धं कोर्ट माझं. ते मी कुणाला देत नाही."

"मी कधी मागितलं होतं?"

पावणेबाराला आयोजकांच्या टेबलावर नाव गेलं: बुग्नारू आणि साबो. तिथल्या मुलीनं तिबीच्या कानाकडे पाहिलं. तो एव्हाना कोबीच्या पानाएवढा झाला होता.

पहिला सामना दोन फ्रेंच पोरांशी होता. पहिला सेट बावीस मिनिटांत एक-सहा असा गेला. लेवेंतेचे फटके एक तर जाळीत जात होते, नाहीतर रस्त्यापलीकडच्या पेट्रोलपंपापर्यंत. त्यात खुणांचा गोंधळ. दुहेरीत नेटजवळचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन जोडीदाराला बोटांनी सांगतो, मी सरकणार की जागेवर राहणार. तिबीनं मूठ दाखवली. नऊ वर्षांत त्याच्या मुठीचा अर्थ बदलला होता. लेवेंतेच्या डोक्यात मात्र जुनाच होता. तिबी जागेवर राहिला, लेवेंते धावत त्याच्याच बाजूला आला, दोघं एकमेकांवर आदळले, आणि फ्रेंच पोरानं मोकळ्या अर्ध्या मैदानात चेंडू अलगद ठेवला.

प्रेक्षकांत हशा पिकला. वरून साफ्ताबाईंचा आवाज आला, "अरे, कोर्ट रिकामं टाकून कुठे निघालात दोघं? वरातीला?"

मातीत बसल्या बसल्या लेवेंते म्हणाला, "मुठीचा अर्थ काय रे आता?"

"जागेवर राहणार."

"पूर्वी सरकणार होता ना?"

"ते त्या परदेशी पठ्ठ्यानं बदललं."

"त्याच्या नानाची टांग. खुणाबिणा बंद. तू हवं तिकडे जा. मी उरलेलं बघतो."

आणि तिथून खेळ पालटला. तिबी मनाला येईल तसा झेपावू लागला, आणि मागे वळून न पाहताही त्याला कळत होतं की सोडलेली जागा लेवेंतेनं भरली आहे. गेल्या नऊ वर्षांत त्याला आठ जोडीदार मिळाले होते. सगळे चांगले, काही तर लेवेंतेपेक्षा कितीतरी सरस. पण त्या सगळ्यांबरोबर तो विचार करून खेळला होता. आज विचारच करावा लागत नव्हता. दुसरा सेट त्यांनी सहा-चार घेतला, आणि दहा गुणांचा निर्णायक टायब्रेक दहा-सात.

मग तर नवलच झालं. रोज पहाटे दोघं टेकडीवर, नऊला लेवेंतेच्या जुन्या गाडीतून तिमिशोआरा, दुपारी सामना. डिकीत रॅकेटांशेजारी माश्या शांत करायचं धुराचं नळकांडं असायचं आणि दोघांच्या कपड्यांना धुराचा वास. उपांत्यपूर्व फेरीला लुगोजहून तीन गाड्या आल्या. उपांत्य फेरीला बस. कोर्नेलियाबाईंनी दुकान बंद ठेवलं होतं, दारावर पाटी लावून: 'तातडीचं असेल तर तिमिशोआराला या.' सामना संपल्यावर त्यांनी तिबीला मिठी मारली. ओरडून ओरडून त्यांचा घसा बसला होता. "एवढं छान असतं हे, तर आधी सांगायचंस ना!" त्या म्हणाल्या.

"पंधरा वर्षं सांगतोय, बाई."

अंतिम सामना शनिवारी होता. समोर दोन डच, दोघंही साडेसहा फुटी, स्पर्धेतली अव्वल जोडी. तिबी सकाळपासून बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा पुन्हा बांधत होता. अकरा विजेतेपदांनंतरही असं व्हावं याचं त्याला नवल वाटलं. हरण्याची भीती म्हणावी तर तीही नव्हती. हा आठवडा संपूच नये, असं वाटत होतं.

डच मंडळींनी पहिला सेट सहा-तीन घेतला. दुसरा टायब्रेकवर गेला आणि तो तिबी-लेवेंतेनं घेतला. निर्णायक टायब्रेकमध्ये गुण मागे-पुढे होत नऊ-आठ झाले. आता एकच गुण हवा होता. सर्व्हिस लेवेंतेची. त्याच्या कपाळावरून घामाचे ओघळ वाहत होते.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"मला विचारू नकोस. घाबरलोय मी."

"छान. मीपण."

लेवेंतेची सर्व्हिस गेली, उंच डचानं ती जोरात परतवली, आणि क्षणात चौघंही नेटजवळ आले. चेंडू इतक्या जवळून, इतक्या वेगानं फिरू लागला की लोकांचे टाळ्यांसाठी उचललेले हात हवेतच राहिले. सात, आठ, नऊ फटके. मग एका डचानं चेंडू तिबीच्या पायांशी मारला. तिबी मागे पडता पडता रॅकेट खाली घालू शकला, एवढंच. चेंडू टप्प्याविना वर उडाला, हळूच दोघा उंच खेळाडूंच्या डोक्यावरून गेला आणि मागच्या रेषेपाशी पडला.

रेषेपाशी म्हणजे कुठे? आत की बाहेर? डच म्हणाले, बाहेर. पंच खुर्चीवरून उतरले आणि चालत तिकडे गेले. लाल मातीत चेंडूचा ठसा उमटला होता. पाठोपाठ चौघं खेळाडू गेले आणि पाचही माणसं त्या एका ठशावर वाकली. चार हजार लोकांनी श्वास रोखला. पंचांनी बोटानं ठशाची कड दाखवली. ती पांढऱ्या रेषेला केसभर लागली होती. मग त्यांनी तळहात जमिनीशी समांतर धरला: आत.

त्यानंतर काय झालं ते तिबीला नीट आठवत नाही. लेवेंतेनं त्याला उचललं, की त्यानं लेवेंतेला, यावर दोघांचं आजही एकमत नाही. उंच डच वाकून ठसा पुन्हा पाहत होता. मग तो हसला, आणि त्यानं दोघांचे हात घट्ट दाबले. लेवेंतेनं पिशवीतून मधाच्या दोन बरण्या काढून त्या जोडीच्या हातात दिल्या. कोर्टाबाहेर लुगोजकरांनी शेगडी पेटवली होती. खिम्याच्या कबाबांचा धूर, मोहरीची चटणी, पाव आणि साफ्ताबाईंचं सरबत. बाईंनी दोघांच्या गालांचे मुके घेतले आणि लगेच सुनावलं, "दुसऱ्या सेटमध्ये पाय जड झाले होते तुमचे. दोघांचेही."

जेवताना फाब्रिसिओचा फोन आला. पाय बरा झाला होता. पॅरिसला आठ दिवसांत खेळायचं होतं. तिबीनं फोनवर हात ठेवून लेवेंतेकडे पाहिलं. "तू चलतोस? तू हो म्हणालास तर मी याला आत्ताच सांगतो. नीट सांगतो."

लेवेंतेनं कबाबाचा घास सावकाश चावला. "सालकम झाला की लिंडन फुलतो. त्यानंतर सूर्यफूल. तू जा. त्या पोरानं काय पाप केलंय, त्याला का सोडायचं?"

"खरंच?"

"खरंच. पण टीव्ही घ्यायला लागणार मला आता," लेवेंते वैतागून म्हणाला.

रविवारी सकाळी साडेपाचला तिबी टेकडीवर हजर होता. सामना नव्हता, कुणी बोलावलंही नव्हतं. बहर ओसरत आला होता, वाऱ्याबरोबर फुलं पेट्यांवर पडत होती. दोघांनी मिळून शेवटच्या चौकटी उतरवल्या, यंत्र फिरवून मध काढला. साफ्ताबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, बोट बुडवून मध चाखत होत्या आणि यंत्र कसं फिरवायचं ते दोघांनाही सांगत होत्या. दहाच्या सुमारास तिबी म्हणाला, "पाच मिनिटं पाठ टेकतो," आणि झाडाखालच्या गवतावर आडवा झाला. पायांत बूट, हातांना मध, तोंड उघडं. लेवेंतेनं आपली जाळीची टोपी त्याच्या चेहऱ्यावर ठेवली आणि बाईंना तोंडावर बोट ठेवून गप्प राहायला सांगितलं. दुपारपर्यंत त्याला कुणी उठवलं नाही.