साली

रसाच्या कारखान्यामागे माझी शेड आहे. धाकटे दीर कारखाना चालवतात आणि माझ्या शेडला उकिरडा म्हणतात. संत्र्यांचा रस पुढे बाटलीत जातो, साली पट्ट्यावरून माझ्याकडे येतात. त्यांतून आधी तेल काढायचं, मग पेक्टिन, म्हणजे जॅम घट्ट करणारी पूड. उरलेल्या चोथ्याचा गॅस. सालीतलं काही वाया जात नाही, वाया जातं ते माझं बोलणं.

जॅमवाल्या बाईंनी पूड पसंत केली तर शेड राहणार, नाहीतर तिथे ट्रक उभे करणार, असं दिरांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. बाई आल्या, पूड घालून पाक शिजवला, निवू दिला. चमचा उभा राहायला हवा होता, तो आडवा झाला.

"वहिनी, शेवटी कचरा तो कचराच," दीर म्हणाले.

बॉयलरवाला चुळबुळ करत होता. "ताई, काल तुम्ही सासूबाईंबरोबर दवाखान्यात होतात ना, तेव्हा साहेबांनी मागच्या शेडची वाफ बंद करायला लावली. म्हणाले, फेकायच्या सालींना कसले लाड?"

तेल काढल्यावर सालींना लगेच वाफ दिली नाही, तर आतलं पेक्टिन जागच्या जागी नासतं. हे मी घरात जेवताना सुद्धा सांगितलंय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पट्टा बंद केला आणि किल्ली कमरेला खोचली.

"कचरा मला नको, भावजी. तुमचा तुम्ही ठेवा."

साली पुढे तुंबल्या. यंत्रांखाली ढीग झाला, मग दारात, मग दिरांच्या केबिनमध्ये. रस थांबला. बाटल्या रिकाम्या उभ्या राहिल्या.

"वहिनी, लोक हसतील!"

"हसू देत. शेड राहणार का?"

दीर घोट्यापर्यंत सालींत उभे होते. जॅमवाल्या बाईंनी मला विचारलं, "मी पुन्हा कधी येऊ?"

"यांना विचारा. वाफ यांच्या हातात आहे."

दिरांनी माझ्याकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि ते बॉयलरवाल्यावर ओरडले, "आधी मागे सोड रे वाफ! शेड राहील, राहील! आता तरी पट्टा सुरू करा."

"करते. आधी त्या खालच्या साली उचला."

"मी?"

मी त्यांच्यापुढे रिकामा क्रेट सरकवला.

"लवकर, भावजी. नासतायत."