पाणघोड्यावर कर किती?

वकीलबाईंनी सासूबाईंना बजावलं होतं, "आई, आत गेल्यावर चकार शब्द काढायचा नाही."

"मी कधी बोलते गं?" असं म्हणून सासूबाई अख्खा जिना चढेपर्यंत बोलतच राहिल्या.

भांडण होतं पाणघोड्यावरून. सासूबाईंच्या कारखान्यात लाकडाचे डुलणारे पाणघोडे बनत. करखात्याचं म्हणणं, हे बसायचं फर्निचर आहे. तेव्हा फर्निचरचा कर भरा, मागच्या सगळ्या वर्षांसकट. खेळणं ठरलं तर कर अगदी किरकोळ. फर्निचर ठरलं तर कारखान्याला टाळं.

करखात्याच्या साहेबांच्या टेबलावर पुराव्यादाखल एक पाणघोडा ठेवला होता. फायलींच्या ढिगामागे साहेबांचं नुसतं कपाळ दिसत होतं.

वकीलबाईंनी घसा साफ केला. "साहेब, हे फर्निचर कसं असेल? पोरांसाठी केलेली तकलादू वस्तू ही. मोठं माणूस बसलं तर भुगा होईल."

झालं! सासूबाई ताडकन उठल्या.

"तकलादू? माझा पाणघोडा? अगं, सागवानी आहे तो! आमचे हे रोज त्यावर बसून पेपर वाचतात. आणि यांचं पोट काय तू पाहिलं नाहीस?"

धरणीने पोटात घ्यावं, असं वकीलबाईंना वाटलं. निदान सासूबाईंना तरी.

"म्हणजे मोठी माणसं बसतात तर!" साहेबांनी खुशीत पेन उचललं.

"तुम्हीच बसून बघा की!" सासूबाईंनी पाणघोडा खाली उतरवलासुद्धा.

साहेब बसले. पाणघोड्याने हूं की चूं केलं नाही. साहेब जरा पुढे झुकले, जरा मागे. मग त्यांनी टाय खांद्यावर टाकला आणि असे डुलायला लागले की विचारू नका! वर तोंडाने, "टबडक, टबडक!"

वकीलबाईंची ट्यूब पेटली. "साहेब, आजवर कुठल्या सोफ्यावर बसून तुमच्या तोंडून असा आवाज निघालाय?"

साहेब गोरेमोरे झाले. दारातल्या शिपायाने भिंतीकडे तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे गदगदत होते.

"खेळणं," साहेब पुटपुटले आणि त्यांनी तसा निकाल लिहून सही ठोकली.

वकीलबाईंनी झटपट कागद गोळा केले. पण सासूबाई कसल्या हलतायत! साहेबांवर त्यांची माया उतू चालली होती.

"साहेब, तुमच्यासाठी खास एक करते. पाठ टेकायला मागे फळी लावू? आणि हात ठेवायला—"

वकीलबाईंनी त्यांना दंडाला धरून दाराबाहेर ओढलं आणि जिना संपेपर्यंत सोडलं नाही.