मे महिन्यातला बर्फ

तोक्तोसुन अतांनी (वडीलधाऱ्याला आम्ही अता, म्हणजे बाबा म्हणतो) सारी उमर डोंगरातल्या नारीनच्या खोऱ्यात विमानं उडवली. तिथे हिवाळ्यात थुंकीसुद्धा गोठते, पण हवा कोरडी. इंजिन कधी कुरकुरलं नाही. म्हातारपणी बदली झाली ती आमच्या इसिक-कुल तलावाकाठी. मे महिन्यात कुणी कार्ब्युरेटरला, म्हणजे इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, गरम हवा द्यायचा दांडा ओढला की ते विचारत, "काय रे, उन्हात स्वेटर घालून बसलास का?"

मी त्यांच्या विमानाचा मेकॅनिक आणि अतांचा शेजारी, म्हणून त्यांच्या टोमण्यांचा मोठा वाटा माझ्याच नशिबी. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा गार पडते, ओलं फडकं गुंडाळलेली बाटली वाऱ्यावर गार होते तशी. हवा दमट असली की ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर इंजिनाच्या घशात बर्फ धरतो. हे अतांनीही पुस्तकात वाचलं होतं. पण हाताची सवय पुस्तकाला थोडीच विचारते?

त्या दिवशी त्यांची सून आयसाल्किन हिची कमांडर, म्हणजे मुख्य वैमानिक, होण्याची परीक्षा होती. नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवायचा. पास झाली तर विमान तिचं. नापास झाली तर उडणं सोडून नवऱ्याकडे जायचं, असं घरात ठरलेलं. आणि आमच्याकडे परीक्षक एकच, खुद्द सासरा.

आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही, त्याच्याकडे पाठ करत नाही, त्याच्यासमोरून आडवी जात नाही. हात लावणं तर दूरच. विमानात दोघांचे खांदे शेजारी-शेजारी. ती सरळ पुढे बघून बसे आणि तेवढ्यात भागवे. मला हसू यायचं. त्या दिवसानंतर कधी आलं नाही.

मी मागच्या सीटवर होतो. तलावाच्या मध्यावर, ढगाखालच्या ओलसर हवेत इंजिनाचा जोर हळूहळू उतरू लागला. आयसाल्किनने गरम हवेचा दांडा पूर्ण ओढला. लगेच इंजिन जास्तच खोकायला लागलं, अख्खं विमान थरथरलं. साहजिक होतं, वितळलेलं पाणी इंजिनात जात होतं. पण अतांना वाटलं, गरम हवेनेच ते गुदमरतंय. त्यांनी दांडा परत ढकलला.

तिने तो पुन्हा ओढला. त्यांनी पुन्हा हात घातला. खाली पाणी जवळ येत होतं, किनारा लांब होता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू.

तेव्हा आयसाल्किनने सासऱ्याचं मनगट धरलं. चांगलं घट्ट.

"अता, थांबा. खोकू द्या त्याला."

अतांनी हात सोडवून घेतला नाही. मला वाटतं, इतका धक्का त्यांना इंजिनानेही दिला नव्हता. विमान खोकत, हिसके देत खाली जात राहिलं. मग एक मोठा हिसका बसला, आणि इंजिनाचा आवाज पुन्हा सुरळीत झाला.

उतरल्यावर ती सासऱ्यापुढे गुडघ्यावर हात ठेवून वाकली, सुनांनी वाकायचं तशी, आणि तशीच वाकून राहिली. अता तिच्या शेजारून निघून गेले. विमानतळाच्या साहेबांच्या खोलीत मी अतांच्या मागे उभा होतो. पोरगी कशी आहे, असं साहेबांनी विचारलं. विमान तिला द्या, अता म्हणाले. मला परत नारीनला पाठवा, या तलावावर माझा हात खोटा पडतो. एवढंच सांगून ते बाहेर आले.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि नको तेवढीच. संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो, तर अतांच्या बायको बुरुल अपा तोंड फुगवून बसलेल्या. दाराजवळ आयसाल्किन मान खाली घालून किटलीतून चहा ओतत होती, आमच्यात ते सुनेचंच काम.

"सासऱ्याचा हात धरला म्हणे हिने," बुरुल अपा म्हणाल्या. "चारचौघांत तोंड कसं दाखवू मी?"

अतांनी पाव मोडून तोंडात टाकला, सावकाश चावला.

"धरला. म्हणून तू आज विधवा नाहीस."

मग बुरुल अपा उठल्या, सुनेच्या हातातली किटली काढून घेतली, आणि स्वतः तिच्यासाठी चहा ओतायला बसल्या.