वाऱ्याचं वाक्य

त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिथेच अडलं.

मी खिडकीपाशी मशीनवर बसले होते. लोकांचे कपडे लहानमोठे करून देणं हा माझा धंदा; कुणाची पँट आखूड, कुणाचा कोट सैल. मागे माझी लेक दारापासून कपाटापर्यंत आणि कपाटापासून दारापर्यंत फेऱ्या घालत होती. तिला सगळे भिंगरी म्हणतात. रांगायला लागली तेव्हाच तिच्या आजोबांनी हे नाव ठेवलं. तेव्हा त्यात कौतुक होतं. आता ती सतरा वर्षांची आहे, आणि परवा त्याच नावाने हाक मारताना मीच जरा अडखळले.

"आई, मी जाऊन येते."

"ये," मी म्हणाले. हे एकअक्षरी उत्तर मी आरशासमोर उभी राहून पाठ केलं होतं. 'कुठे', 'कशाला', 'लवकर ये' यातलं काहीही शेपटासारखं मागे लोंबू द्यायचं नाही, असं ठरलं होतं.

ठरलं होतं, म्हणजे आमच्या बैठकीत.

मागच्या हिवाळ्यात भिंगरीची झोप उडाली. मग लोक आपल्याविषयी बोलतात असं तिला वाटू लागलं. नुसतं बोलतात असं नाही, आधी ठरवून बोलतात. शेवटी कोपऱ्यावरच्या पार्लरमधला आरसा तिने फोडला, कारण आरशातल्या बायका एकमेकींना खुणा करत होत्या. मग दवाखाना, मग वॉर्ड. तिथून ती परत आली ती इतकी शहाणी होऊन, की घरात पाणी प्यायलासुद्धा माझी परवानगी मागायची. 

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. महिनाभर घरी ठेवून बघू. पुन्हा तोल गेला तर निवासी केंद्र. केंद्र चांगलं आहे म्हणे, बाग आहे. पण ते दुसऱ्या गावाला आणि किमान वर्षभरासाठी. त्या महिन्याची तपासणी दुसऱ्याच दिवशी सकाळी होती. म्हणून त्या दुपारी माझा जीव टांगणीला लागलेला.

घरी ठेवायचं तर एकटीने ठेवायचं नाही, हा डॉक्टरीणबाईंचा नियम. त्यासाठी दवाखान्याकडून एक तरुण बाई आमच्याकडे यायची. सायकलवर येते म्हणून भिंगरीने तिचं नाव 'सायकल' ठेवलं. आम्ही आपले बाई म्हणतो. तिचं म्हणणं असं, की पोरगी बरी व्हायची तर गल्लीत बरी व्हायला हवी, कारण राहायचं तिला गल्लीतच आहे. मग तिने किल्लीवाल्याच्या दुकानात गल्लीतली माणसं जमवली. किल्लीवाला स्वतः, औषधवाले काका, बागेतल्या बाकावर दिवस काढणारे निवृत्त बसड्रायव्हर, आणि चक्क पार्लरवाली.

"तुझा आरसा फोडला ना गं तिने," मी तिला म्हणाले.

"नवा आणला की. त्यात मी जरा बारीक दिसते," ती म्हणाली आणि स्टूल ओढून बसली.

भिंगरी तेव्हा गोळ्यांच्या गुंगीत घरी झोपली होती. झोपू दे बिचारीला, असं आम्ही सगळेच म्हणालो. बाईंनी एकदा दाराकडे बघितलं आणि बैठक सुरू केली.

बाईंनी समजावलं, की भिंगरीला अस्वस्थ वाटलं की ती चालायला बाहेर पडेल. चालली की ती निवते, तेव्हा अडवायचं नाही. टक लावून बघायचं नाही, कुजबुजायचं नाही, 'कशी आहेस' तर मुळीच विचारायचं नाही. ती पुढे गेली की आईला फोन करायचा.

"मग काय, तोंडाला कुलूप लावायचं?" किल्लीवाल्याने विचारलं.

"नाही हो. रोजच्यासारखं काहीतरी बोला."

"रोज मी कुणाशी बोलत नाही. लोक किल्ली हरवून येतात, माझ्यावर चिडतात आणि जातात."

"साधं काहीतरी. म्हणजे समजा, आज वारा फार आहे, नाही? असं."

औषधवाल्या काकांनी मान डोलावली. ड्रायव्हरकाका ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत होते, नवा रूट पाठ करावा तसे. मला ते सगळं फार गोड वाटलं.

तर भिंगरी गेली आणि मी फोन मशीनवर ठेवून बसले. पहिला फोन पार्लरवालीचा. "गेली. बोलले मी. अगदी सहज बोलले." मग औषधवाले काका. "झालं, सांगितलं. जरा चमकल्यासारखी वाटली, पण गेली." मग किल्लीवाला.

"ताई, बोललो. पण ती तिथेच थांबली. माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याच घराची किल्ली बनवतोय. आणि मग पळाली."

"तुम्ही बोललात काय?"

"जे ठरलं तेच. आज वारा फार आहे, नाही."

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या दोरीवर चादरी भिंतीसारख्या उभ्या होत्या. मी पार्लरवालीला फोन लावला. "काय म्हणालीस तिला?" तर म्हणे, "वाऱ्याचं." औषधवाल्या काकांना लावला. "तेच, वाऱ्याचं. बाईंनी तेच सांगितलं होतं ना? आपल्या मनाचं घालून काही बिघडवायला नको म्हटलं." एकेकाने जीव मुठीत धरून, शब्दही न बदलता, पोपटासारखं म्हटलं होतं. लोक ठरवून बोलतात या भीतीपायी जी पोरगी वॉर्डात गेली, तिच्याशी अख्खी गल्ली ठरवून बोलली होती.

बागेतून ड्रायव्हरकाकांचा फोन काही येईना. मी लावला तर उचलेनात. पायात चप्पल आहे की नाही हे न बघता मी जिना उतरले. खाली बाई सायकलला कुलूप लावत होत्या. मी त्यांना वाटेतच सगळं सांगितलं.  "ते उदाहरण होतं हो," एवढंच त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी बागेपर्यंत पळत सुटलो.

दोघं बाकावर होती. काका एका टोकाला काठीसारखे ताठ, भिंगरी त्यांच्या शेजारी, त्यांची बाही मुठीत घट्ट धरून.

"फोन घ्यायला हात मोकळा नव्हता," काका हळूच म्हणाले. "आणि बोललोही नाही. मी तोंड उघडलं आणि हीच म्हणाली, काका, तुम्ही तरी म्हणू नका."

भिंगरीने माझ्याकडे बघितलं. "आई, आज वारा आहे?"

"नाही."

"मग सगळे का म्हणतात?"

वॉर्डातून मला एक उत्तर शिकवून पाठवलं होतं. 'तुला तसं वाटतंय हे मला समजतं, पण तसं नाहीये.' चांगलं उत्तर आहे, मी ते पुष्कळदा वापरलं आहे. ते जिभेवर आलंसुद्धा. खरं सांगावं तर तिच्या भीतीच्या हातात आपणच पुरावा द्यायचा. खोटं सांगावं तर तिच्या धडधाकट कानांना खोटं पाडायचं. उद्या तपासणी. 

"ठरवून म्हणाले," मी सांगितलं. "आमची बैठक झाली होती, तुझ्याविषयी. तू झोपली होतीस."

तिने काकांची बाही आणखी आवळली. "म्हणजे मला भास नाही झाला."

"या बाबतीत तरी नाही."

मग तिने बाही सोडली, एका पायातली चप्पल काढली आणि झुडपात भिरकावली. बाईंना म्हणाली, "सायकल, तू पण?" बाई म्हणाल्या, "मी पण. चूक माझी. तुला उठवायला हवं होतं." भिंगरी एका चपलेने आमच्यापुढे घरापर्यंत चालत गेली. त्या रात्री घरात कुणाला झोप लागली नाही, आणि त्यावर आणखी सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी तपासणीला बाईही आमच्याबरोबर आल्या. डॉक्टरीणबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. झोप, भूक, गोळ्या. मग तो प्रश्न आला.

"लोक ठरवून तुझ्याविषयी बोलतात, असं अजून वाटतं का?"

या प्रश्नाचं बरोबर उत्तर 'नाही' हे आहे. वॉर्डात ते तिने पहिल्या आठवड्यातच शिकून घेतलं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मनातल्या मनात मी देवाला नाही, तिलाच विनवत होते, म्हण बाई, नाही म्हण.

"हो," भिंगरी म्हणाली.

पेन कागदावर चालू लागलं. 

"डॉक्टर," मी म्हणाले, "ते खरं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की आता शेजारची खाटही भरायची की काय. मग बाईंनी सगळं सांगितलं, स्वतःला न वाचवता. डॉक्टरीणबाई ऐकत होत्या.

"आणि काल वारा होता?"

"पान हलत नव्हतं," आम्ही तिघी एकदमच बोललो.

त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मग हे लक्षण कुणाच्या नावावर लिहू?" आणि भिंगरीला विचारलं, "तू काय केलंस त्यावर?"

"बाकावर बसले. चप्पल फेकली."

"कुणाला लागली?"

"झुडपाला."

"आरशापेक्षा बरं." त्यांनी चष्मा परत लावला. "आणखी एक महिना घरी. मला यात सगळं ठीक दिसतं असं समजू नका. आणि पुढची बैठक हिच्याशिवाय झाली, तर ती झालीच नाही असं मी धरीन."

म्हणजे मुदत मिळाली, सुटका नाही. 

पुढची बैठक किल्लीवाल्याच्याच दुकानात झाली. भिंगरी उभीच होती, बसवेना तिला. पार्लरवाली माफी मागायला लागली, तर भिंगरीने हातानेच थांबवलं.

"वारा हा शब्द कुणी काढायचा नाही."

"खरंच सुटला तरी?" औषधवाले काका.

"तेव्हा मला कळेल." मग किल्लीवाल्याकडे वळून, "तुम्ही बोलूच नका. किल्लीवर कानस घासत राहा. तो आवाज मला ओळखीचा आहे." ड्रायव्हरकाकांना म्हणाली, "तुम्ही बसा, पण थोडं लांब." मग माझी पाळी. "आणि आई, तू खिडकीत उभी राहू नकोस. खालून दिसतेस."

मला वाटायचं, मी पडद्याआड असते.

काल दुपारी ती पुन्हा निघाली. "जाऊन येते." "ये." मी मशीन फिरवून घेतली आहे, खिडकीकडे पाठ करून. पाठीला डोळे फुटतील की काय असं वाटतं, पण फुटले नाहीत. पार्लरवालीचा फोन आला. मग बराच वेळ काहीच नाही. आधी औषधवाल्या काकांचा यायला हवा होता, आला किल्लीवाल्याचा.

"ताई, गेली. मी काही बोललो नाही. कानस चालू होती. बरोबर ना?"

"बरोबर. औषधवाले काका का नाही बोलले?"

"मला काय माहीत? मी तर बोलतच नाही."

मी शिवत राहिले. थांबले असते तर खिडकीत गेले असते. अखेर फोन वाजला.

"गिऱ्हाईक होतं हो," औषधवाले काका म्हणाले. "ती आली, थांबली आणि म्हणाली, तुमची पाटी वाकडी आहे. बाहेर जाऊन बघतो तर खरंच वाकडी. किती वर्षं असेल कोण जाणे. आता शिडी शोधतोय."

फोन ठेवून हातातला कोट बघितला. त्याच्या बाहीचं तोंड मी शिवून बंद करून टाकलं होतं. उसवायला कात्री घेतली, एकेक टाका कापत बसले, आणि ड्रायव्हरकाकांच्या फोनची वाट बघू लागले.