कुंडलिकचा डबा जळत नाही

कुंडलिकचा डबा जळाला असं नारायणगावात कोणी म्हणालं असतं, तर लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. पण त्या पावसाळ्यात शिनोलीच्या केबलवाल्या कुशाबाचा फोन आला आणि तो नेमकं हेच म्हणाला. एखाददुसरा नाही, डोंगराच्या अंगाला लावलेले झाडून सगळे डबे धूर काढून बसले होते. कुंडलिक फोन कानाला लावून नुसता उभा राहिला. हातातली तापलेली सोल्डरिंग गन त्याने टेबलावर टेकवली होती, तिथला सनमायका करपायला लागला तरी त्याला वास आला नाही.

हा डबा म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. दोन हजार सहाचा सुमार होता. टीव्हीच्या केबलवाल्यांनी नुकतंच इंटरनेट विकायला घेतलं होतं. इंटरनेटची एक तार खांबापर्यंत यायची आणि तिथून ती आठ घरांना वाटून द्यायला खांबावर एक लोखंडी डबा लागायचा. आतला बोर्ड पुण्याहून यायचा, पण बोर्डाला वीज पुरवणारा भाग, डबा आणि सगळी जोडणी इथे व्हायची. आणि आमच्याकडची वीज म्हणजे सांगायला नको, कधी मरतुकडी तर कधी अंगावर येणारी. तिच्यापुढे मोठ्या कंपन्यांचे चकचकीत डबे माना टाकायचे. कुंडलिकचा टिकायचा. जुन्नरपासून मंचरपर्यंतचे केबलवाले त्याच्या नावावर डोळे मिटून माल उचलायचे.

त्याला तोडीस तोड होता तो एकटा गोरख. दोघे एका ताटात जेवलेले. नव्वदच्या दशकात दोघांनी मिळून टीव्हीचे बूस्टर बनवायला सुरुवात केली, आणि पुढे पाटीवर कोणाचं नाव आधी, एवढ्यावरून बिनसलं. गोरखने रस्त्याच्या पलीकडे गाळा घेतला. तेव्हापासून दुकानं समोरासमोर आणि बोलणं बंद. गिऱ्हाईक एकाकडून निघून दुसऱ्याकडे शिरलं की पहिल्याच्या पोटात दुखायचं.

कुशाबाने फोन ठेवता ठेवता आणखी एक सांगितलं. त्याच खांबांवर गोरखचेही डबे होते आणि ते ठणठणीत चालू होते. इथे कुंडलिकचं डोकं फिरलं. वास्तविक एखादा डबा मागवून उघडून बघायचा, एवढं साधं काम. पण आपल्या डब्यात खोट असूच शकत नाही, हे त्याच्या इतकं हाडीमासी भिनलेलं की ते त्याच्या मनातच आलं नाही. शेजारचा चालतो आणि आपला जळतो, म्हणजे कोणीतरी हात लावला. कोणी, ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? त्याने ते चारचौघांत बोलून दाखवलं, आणि आठवडी बाजार भरेपर्यंत पंचक्रोशीत बोभाटा झाला, की गोरखची माणसं खांबावर चढून कुंडलिकच्या डब्यांत पाणी ओततात.

गोरख सरळ धर्माजीबाबांकडे गेला. बाबा म्हणजे जुने पंच, भांडण कोर्टाची पायरी चढण्याआधी त्यांच्या ओसरीवर यायचं. त्यांनी कुंडलिकला बोलावून पुरावा मागितला. कुंडलिक म्हणाला, पुरावा नको आणि पोलीसही नको, गोरखने वडजला खंडोबापुढे बेलभंडारा उचलावा. आमच्याकडे हा शेवटचा निवाडा. बेलाचं पान आणि देवाची हळद मुठीत धरून माणूस बोलला की विषय संपला, पुढचं देव बघून घेतो.

कुंडलिकच्या बायकोला, मोहिनीला, हे अजिबात पसंत नव्हतं. जेवायला वाढताना ती म्हणाली, "कुणाला उगं भंडारा उचलाया लावू नगा. माणूस खरा निघाला तर ती आण लावणाऱ्याच्याच घरात शिरती."

कुंडलिक हसला. गोरख भंडाऱ्याला हात लावायला धजणारच नाही, अशी त्याची पैज होती.

रविवारी वडजला देवळापुढे धर्माजीबाबा आणि सगळे केबलवाले जमले. कोणाचा माल घ्यायचा आणि कोणाचा बंद करायचा, हे त्या दिवशी ठरणार होतं. गोरख अनवाणी पुढे आला आणि त्याने भंडारा उचलला.

"मी कुंडलिकच्या डब्याला हात लावला नाय, कुणाला लावाया सांगितलं नाय," तो म्हणाला. "लावला असंल तर माझं घर बसंल."

कुंडलिक पैज हरला होता. पण माघार घेणं त्याच्या रक्तात नव्हतं. तो म्हणाला, डबे उघडा, पाणी ओतल्याचं सगळ्यांना दिसू द्या. कुशाबाने जळके डबे पोत्यात घालून आणलेच होते, आणि ताडून बघायला गोरखचा एक चालू डबाही. त्याने कुंडलिकच्या डब्याच्या फटीत भरलेलं लुकण उकरलं आणि झाकण उचकटलं.

आत पिवळं होतं. वीज येते त्या दोन पट्ट्यांवर ओल खाऊन बसलेला पिवळा लगदा, आणि त्याच्या मधोमध कोळसा. दुसरा डबा उघडला, त्यातही तेच. जळक्या हळदीचा वास सगळ्यांच्या नाकात गेला.

"ह्यो तर भंडारा हाये," कोणीतरी म्हणालं. मग मागून कुजबुज उठली, करणी केली. मुठीत भंडारा धरून खोटं बोलला. माणसं गोरखच्या अंगावर सरकली आणि कुशाबाने त्याची कॉलर धरली.

पण ती हळद कुंडलिकची होती. डबा बंद करण्याआधी शटर अर्धं ओढून तो वडजच्या भंडाऱ्याची एक चिमूट स्वतःच्या हाताने आत टाकायचा. ही रीत पहिल्या बूस्टरपासूनची. बायकोलाही ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती फक्त त्या पहिल्या चिमटीला हजर असलेल्या गोरखला. नारायणगावच्या हवेत ती हळद कोरडी पडून राहिली होती. शिनोलीच्या वर, महिनाभर न हटणाऱ्या धुक्यात, ती तारांच्या भोकांतून शिरलेली ओल पिऊन फुगली आणि दोन पट्ट्यांना जोडून बसली. हे सगळं त्याला बघताक्षणी कळलं.

गोरख त्याच्याकडेच बघत होता. कॉलर दुसऱ्याच्या हातात, भंडारा अजून मुठीत. त्याने तोंड उघडलं असतं तरी आता कोणी ऐकलं नसतं. कुंडलिकने फक्त गप्प राहायचं होतं. रस्त्यापलीकडचं दुकान कायमचं बंद झालं असतं आणि नाव शाबूत राहिलं असतं. क्षणभर हा विचार त्याच्या मनात आला, आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

"सोड त्याला, कुशाबा," तो म्हणाला. "भंडारा मी घातलाय. समद्या डब्यांत, माझ्या हातानं."

कोणाला काही उमजेना. धर्माजीबाबांनी पुन्हा विचारलं, इजेच्या डब्यात भंडारा? कुंडलिकने मान हलवली. केबलवाले एकमेकांकडे बघू लागले, कारण त्यातल्या बहुतेकांच्या खांबांवर तेच डबे लटकत होते. कुशाबाने कॉलर सोडली आणि पोतं तिथेच टाकून तो खाली जीपकडे चालू लागला. बाकीचेही पांगले. कुंडलिकला कोणी शिवी दिली नाही, कोणी काही विचारलंही नाही.

गोरखने शर्ट नीट केला. मग खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढून, मूठ तशीच मिटलेली ठेवून, त्याने एका हाताने स्वतःचा डबा उघडला आणि कुंडलिकपुढे धरला. झाकणाच्या आतल्या बाजूला, बोर्डापासून लांब, प्लॅस्टिकची एक इवलीशी पुडी चिकटवलेली होती. तोंड मेणबत्तीवर धरून बंद केलेलं. आत पिवळा भंडारा, कोरडा ठाक.

कुंडलिकने पुडीला बोट लावून बघितलं. इतकी वर्षं त्याची समजूत होती, की रस्ता ओलांडताना या माणसाने देव आणि दोस्ती दोन्ही अलीकडे टाकून दिली.

"तू बी?"

"पहिला भंडारा दोघांनी मिळून घातला व्हता," गोरख म्हणाला. "मी कसा सोडीन? फकस्त पुडीत घालत जा, हे तुला मी तवाच म्हणालो व्हतो."

म्हणाला होता. कुंडलिकला आता लख्ख आठवलं, आणि देवाला काय प्लॅस्टिकात कोंडायचं, म्हणून आपण त्याला उडवून लावलं होतं, तेही आठवलं.

गोरखने मुठीतला भंडारा देवाच्या पायरीवर वाहिला, हात जोडले आणि चपला शोधायला गेला. त्याला हाक मारायला कुंडलिक दोन पावलं पुढे झाला. पण ज्याला आपण भंडारा उचलायला लावला, त्याला कोणत्या तोंडाने हाक मारायची, हे त्याला कळेना, आणि तो जळक्या डब्यांच्या पोत्यापाशी तसाच उभा राहिला.